जनरल भोसले मार्गावरचे जनरल भोसले

मंत्रालयासमोरच्या यशवंतराव चव्हाण सेंटरला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. सिनेमा महोत्सव, पुस्तक प्रकाशन, नाहीतर एखाद्या मित्राच्या शॉर्टफिल्मचा शो. फोनवर पत्ता टाकला की येतं, 'जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग'. कॅबवाल्याला आपण 'मंत्रालयासमोर' सांगतो आणि विषय संपतो. ऑफिसात चार जणांना विचारलं की हे भोसले कोण. तिघं म्हणाले, शिवकाळातले कुणीतरी सरदार असतील. चौथा म्हणाला, आर्मीवाले असतील, पण कुठल्या युद्धातले ते माहीत नाही.

आर्मीवालेच होते. फक्त कुठल्या आर्मीतले, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच अवघड होऊन बसला होता.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले. जन्म 1906, सावंतवाडी संस्थानातलं तिरोडे गाव. शिक्षण डेहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स मिलिटरी कॉलेजात आणि मग इंग्लंडला सँडहर्स्टला. त्या काळात सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा होत्या. सगळ्या हिंदुस्थानातून दहा. आयआयटीची रँक सांगताना आपण छाती फुगवतो, तर हे आकडे एकदा बघावेत. तिथून बाहेर पडलेला मुलगा 'किंग्ज कमिशन्ड' म्हणजे राजाच्या सहीची सनद असलेला अधिकारी व्हायचा आणि कागदोपत्री तरी गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा. तिरोड्याचा हा पोरगा तसा अधिकारी झाला आणि ब्रिटिश हिंदी सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढला. दुसऱ्या महायुद्धात तो मलायात होता, रॉयल गढवाल रायफल्समध्ये.

15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानात 40 ते 45 हजार हिंदी सैनिकांना गोळा केलं गेलं. एका ब्रिटिश कर्नलनं माइकवर सांगितलं की आजपासून तुम्ही जपान्यांचे. मग जपानी मेजर फुजिवारा बोलले. मग कॅप्टन मोहनसिंग बोलले आणि म्हणाले की हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी आपली वेगळी फौज उभी करायची आहे.

इथे जरा थांबतो. ते मैदान डोळ्यांसमोर आणताना आपण सहसा फक्त घोषणा ऐकतो. पण त्या गर्दीत भोसल्यांसारखे मोजके सीनियर अधिकारी होते आणि त्यांच्यापुढे उभा राहून हुकूम देणारा मोहनसिंग हा कॅप्टन होता. जपान्यांनी त्याला 'जनरल' केलं. लेफ्टनंट कर्नलनं कॅप्टनच्या हाताखाली जायचं! लष्करात ही गोष्ट किती खुपत असेल ते नोकरी केलेल्या कुणालाही कळेल. पुन्हा समोर पर्याय काय? नाही म्हटलं तर युद्धकैदी म्हणून जपान्यांच्या छावणीत राहायचं, आणि कित्येक जण राहिलेही. हो म्हटलं तर ज्या राजाची शपथ घेतली त्याच्याशी फितुरी. काही जण देशासाठी गेले, काही आपल्या माणसांना जपान्यांच्या मारापासून वाचवता येईल म्हणून गेले, काहींच्या मनात दोन्ही होतं. मला स्वतःला या तिसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल सगळ्यात जास्त विश्वास वाटतो.

भोसले गेले. पहिल्या आझाद हिंद फौजेत 'हिंदुस्तान फील्ड फोर्स' त्यांच्याकडे आली. वर्ष संपता संपता मोहनसिंगांचं जपान्यांशी बिनसलं. ही फौज खरी की जपान्यांची कठपुतळी, एवढाच त्या भांडणाचा मुद्दा होता. मोहनसिंगांनी फौज बरखास्त केली, जपान्यांनी त्यांना अटक केली. आता या मोडक्या तंबूचा खांब कुणी धरायचा? 1943 च्या सुरुवातीला रासबिहारी बोस यांनी लष्करी कारभाराचं नवं खातं उभारलं आणि त्याचे संचालक म्हणून भोसल्यांना नेमलं. जुलैमध्ये सुभाषबाबू सिंगापूरला पोचले तेव्हा त्यांना जी तयार फौज मिळाली, ती मधल्या सहा महिन्यांत विस्कटू न देण्याचं काम या माणसानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलं होतं. 'चलो दिल्ली' आपल्याला पाठ असतं. रेशन, रजा, बढत्या, पगारपत्रकं, कुठली पलटण कुणाकडे, हे सांभाळणारा माणूस कुणाच्या पाठ नसतो. प्रॉडक्शनवर रात्री तीन वाजता सर्व्हर सांभाळणाऱ्या पोराचं नाव लाँचच्या स्टेजवर येत नाही, तसंच ते.

21 ऑक्टोबर 1943 ला आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं. भोसले त्यात लष्कराचे प्रतिनिधी म्हणून मंत्री होते. फौजेचे सर्वोच्च सेनापती स्वतः नेताजी, आणि पुढे मेजर जनरल झालेले भोसले त्यांचे चीफ ऑफ स्टाफ. म्हणजे स्वतंत्र म्हणवणाऱ्या हिंदुस्थानच्या पहिल्या सेनेच्या मुख्यालयाचा प्रमुख हा कोकणातल्या एका खेड्यातला मराठी माणूस होता. सदतीस वर्षांचा.

*

ही गोष्ट मी शोधायला लागलो त्याचं कारण अगदी वेगळं होतं. सुदिरमान.

मी भिवंडीत राहतो. आमच्या भातशेतीवर आता गोडाऊन उभं आहे आणि मी ज्या कंपनीत काम करतो ती अशाच गोडाऊनमधला माल कुठल्या रॅकवर आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर बनवते. बाबा म्हणतात, 'आपल्याच जमिनीत दुसऱ्याचे खोके मोजतोस.' विनोद चांगला आहे, पण दर लग्नात ऐकावा लागतो. तर आमच्या टीममध्ये एक इंडोनेशियन क्लायंट आला आणि त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यात जालान सुदिरमान. दुसऱ्या शहरातल्या गोडाऊनचाही पत्ता जालान सुदिरमान. म्हटलं, आपल्याकडचा एम. जी. रोड दिसतोय. शोधलं तर खरंच तसंच निघालं.

सुदिरमान शाळामास्तर होता. मुहम्मदिया या संस्थेच्या शाळेत शिकवायचा. 1943 मध्ये जपान्यांनी जावात 'पेटा' नावाची स्थानिक फौज उभारली, तिच्यात तो बटालियन कमांडर झाला. 1945 मध्ये जपान हरला, इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि डच परत यायला निघाले. नोव्हेंबर 1945 मध्ये योग्यकर्त्याला नव्या सेनेच्या कमांडरांची बैठक झाली आणि त्यांनी चक्क मतदान करून आपला सरसेनापती निवडला. उरिप सुमोहार्जो नावाचे अनुभवी, डच वसाहती सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी उपलब्ध होते. मतं पडली मास्तरला. वय 29. माझ्या वयाच्या माणसाला अख्ख्या देशाची सेना! आम्हाला क्लायंट कॉलवर एकट्यानं बोलायला मॅनेजरची परवानगी लागते. उरिप त्या मास्तरच्या हाताखाली चीफ ऑफ स्टाफ म्हणून राहिले. फॅरर पार्कसारखंच आहे की नाही? कसलेला अधिकारी खाली आणि कालचा पोरगा वर.

डिसेंबर 1948 मध्ये डचांनी योग्यकर्त्यावर हल्ला केला. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो शहरातच थांबले आणि कैद झाले. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालेला सुदिरमान मात्र डोंगरात गेला. सात महिने. चालता येईना तेव्हा माणसांनी त्याला डोलीत घालून फिरवलं. डच गेल्यावर एका महिन्यात, 29 जानेवारी 1950 ला तो वारला. चौतीस वर्षांचा. आज इंडोनेशियाच्या जवळजवळ प्रत्येक शहरात त्याच्या नावाचा रस्ता आहे.

आता दोन्ही पत्ते शेजारी ठेवा. जालान सुदिरमान आणि जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. दोन्ही फौजा त्याच जपानी लष्कराच्या छत्राखाली उभ्या राहिल्या, जवळपास त्याच वर्षांत. एका देशात त्या फौजेचा अधिकारी राष्ट्रीय सेनेचा पहिला सरसेनापती झाला. दुसऱ्या देशात त्या फौजेच्या एकाही माणसाला राष्ट्रीय सेनेत घेतलं नाही. एकाही.

*

हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण 'घेतलं नाही' या शब्दांचा अर्थ नीट कधी लागला नव्हता. घटना अशा. नेताजी एप्रिल 1945 मध्ये रंगून सोडून बँकॉकला आले. जपाननं शरणागती पत्करल्यावर 17 ऑगस्टला ते बँकॉकहून निघाले. दुसऱ्या दिवशी तैहोकूला विमान कोसळलं. बँकॉकमध्ये मागे उरलेल्या माणसांची जबाबदारी भोसल्यांवर होती. म्हणजे फौज उभी राहताना खांब धरायला हेच आणि फौज संपताना कुलूप लावायलाही हेच. मग अटक आणि दिल्लीचा लाल किल्ला.

लाल किल्ल्यातला खटला शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर चालला. मुसलमान, हिंदू, शीख. इंग्रजांनी नेमके हे तीन का निवडले असतील देव जाणे, पण त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. भुलाभाई देसाई बचावाला उभे राहिले, नेहरूंनी कित्येक वर्षांनी वकिलाचा काळा झगा घातला. 3 जानेवारी 1946 ला सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जन्मठेप माफ केली. फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचं बंड झालं. सैन्यावर आता भरवसा ठेवता येत नाही, हे लंडनला उमगलं.

मग स्वातंत्र्य आलं. सगळ्यांना वाटलं असेल, आता आपलेच लोक सत्तेवर आहेत. 1948 मध्ये नेहरू सरकारनं निर्णय दिला. आझाद हिंदच्या माणसांवरचा बडतर्फीचा डाग पुसला जाईल, नागरी नोकऱ्यांची दारं उघडी राहतील, पण लष्करात परत घेतलं जाणार नाही.

संताप येतो ना? मलाही आला. त्या संतापात मी या फाइलची दुसरी बाजू उघडली आणि तिथे पुन्हा एक मराठी माणूस भेटला.

शंकरराव थोरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. जन्म 1906, भोसल्यांचंच वर्ष. सँडहर्स्टमधूनच अधिकारी. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात अराकानच्या किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथे 51 व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ मिळालं. तेव्हा भोसले आझाद हिंद फौजेचे चीफ ऑफ स्टाफ होते. म्हणजे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच अकादमीत शिकलेले दोन मराठी अधिकारी, एकाच देशातल्या युद्धात, समोरासमोरच्या बाजूंना. थिमय्याही 1906 चेच. त्यांचे थोरले भाऊ आझाद हिंद फौजेत होते. घरातच दोन बाजू.

थोरातांचं पुढे काय झालं? स्वतंत्र भारताच्या सेनेत ते लेफ्टनंट जनरल झाले. कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला 1953 मध्ये भारतानं जी फौज पाठवली, तिचे प्रमुख तेच. 1957 पासून ईस्टर्न कमांड त्यांच्याकडे होती. चीन ईशान्येकडून आला तर काय होईल आणि किती फौज लागेल, याचा आराखडा त्यांनी 1959 मध्ये करून दिला होता, 1960 मध्ये 'लाल किला' नावाचा युद्धसरावही घेतला. थिमय्यांनी निवृत्त होताना आपल्या जागी थोरातांचं नाव सुचवलं. कृष्ण मेनन यांच्या काळात ती जागा थापरांना मिळाली. मग 1962. (यावर एक वेगळा लेख होईल, इथे नको. आणि हो, त्या सरावाचं नावही 'लाल किला'च असावं, हा योगायोग मला बरेच दिवस छळत होता.)

थोरातांना 'इंग्रजांचे चाकर' म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. सोशल मीडियावर रोज कुणीतरी काढतं. पण 1947 च्या ऑगस्टमध्ये निर्वासितांच्या गाड्या कुणी सांभाळल्या, ऑक्टोबरमध्ये श्रीनगरला विमानानं कोण उतरलं? हीच चाकरी केलेली पलटणींची माणसं. समजा 1948 मध्ये भोसले मेजर जनरल म्हणून परत आले असते, तर थोरातांनी त्यांना सलाम कुठल्या नात्यानं करायचा? ज्या शिपायानं छावणीत हाल सोसले पण शपथ मोडली नाही, त्यानं कालच्या साथीदाराच्या हाताखाली जायचं का? दोघांनीही आपापल्या परीनं इमान राखलं होतं. नेमकी तिथेच गाठ होती.

मला हे जरा लवकर उमगलं, कारण माझी पहिली छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती. नकाशा वगैरे काही बदलला नाही, फक्त पदं. आमच्या टेक लीडला तिकडे 'सीनियर इंजिनियर, लेव्हल दोन' करण्यात आलं. त्याच्या हाताखालची पोरं आठ महिन्यांत पांगली. प्रॉडक्ट त्यानं उभं केलं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त तक्त्यात कुठे बसवायचं हे कुणाला ठरवता येत नव्हतं. तिथे फक्त एक्सेल शीट होतं, बंदुका नव्हत्या.

जिथे बंदुका होत्या तिथलं बघा. बांगलादेशानं 1971 नंतर उलटा रस्ता घेतला. मुक्तिवाहिनीतले अधिकारी सेनेत राहिले आणि त्यांना दोन वर्षांची जादा सेवाज्येष्ठता दिली गेली. पाकिस्तानात अडकून पडलेले बंगाली अधिकारी परतले तेव्हा त्यांचे ज्युनियर त्यांच्या पुढे गेले होते. ही धुसफूस वर्षानुवर्षं चालली. मुक्तियुद्धात नाव कमावलेले झियाउर रहमान लष्करप्रमुख झाले, राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1981 मध्ये चितगावला लष्करी अधिकाऱ्यांच्याच गोळ्यांना बळी पडले. पुढच्या वर्षी पाकिस्तानातून परतलेल्या गटातले इर्शाद यांनी सत्ता घेतली. ब्रह्मदेशात जपान्यांनी तयार केलेल्या तीस साथीदारांपैकी ने विन पुढे सरसेनापती झाले आणि 1962 मध्ये त्यांनी देशच ताब्यात घेतला. इंडोनेशियात सुदिरमान लवकर गेला. पण त्याच्याच सेनेतला, त्याच्यासारखाच 'पेटा'तून आलेला सुहार्तो तीन दशकं राज्य करून 1998 मध्ये पायउतार झाला. देश आम्ही सोडवला, मग तो चालवायचा हक्कही आमचाच, हे वाक्य बराकीत जन्माला आलं की ते पुन्हा बराकीत कोंडता येत नाही.

भारतात ते वाक्य लष्करात कधी रुजलं नाही. त्याचं एक कारण 1948 चा तो कोरडा, माणुसघाणा वाटणारा निर्णय आहे असं मला आता वाटतं. एकमेव नव्हे. पण एक.

*

आमच्या शाळेतला एक मित्र आहे. मोमीन. त्याच्या आजोबांनी चार लूम टाकले होते, आता भावाचं सायजिंगचं काम चालतं आणि हा माझ्यासारखाच लॅपटॉप घेऊन कल्याणला गाडी पकडतो. भिवंडीत मोठं होताना 84 चा उल्लेख होतो, 70 चाही होतो, पण दोन्ही घरांत वेगवेगळ्या वाक्यांत. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही, गरज पडत नाही. आझाद हिंदबद्दल मात्र खूप बोललो. मी त्याला सांगितलं की त्या फौजेचं ब्रीद होतं 'इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी'. एकी, विश्वास, बलिदान. तो हसला. म्हणाला, हे आज भिवंडीच्या नाक्यावर बोर्डावर लिहिलं तर किती दिवस राहील? मग मी त्याला सांगितलं की त्या फौजेत सगळ्या जातीधर्मांची माणसं एका पंगतीत जेवत. ब्रिटिश सैन्यात चुलीसुद्धा वेगळ्या असायच्या.

'आणि फाळणीनंतर?' त्यानं विचारलं.

हा प्रश्न नको होता. पण आला.

इम्फाळच्या आघाडीवर आझाद हिंदची पहिली डिव्हिजन मोहम्मद झमान कियानी यांच्या हाताखाली लढली. सिंगापूरच्या मुख्यालयात भोसले आणि ते एकत्र काम करायचे. कियानी रावळपिंडी भागातले. 1947 च्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला काश्मीरवर हल्ला झाला, तेव्हा पाकिस्तानच्या बाजूनं त्या लढाईची सूत्रं हलवणाऱ्यांत ते होते. नेताजींच्या शेवटच्या विमानात त्यांच्यासोबत असलेले हबीबुर रहमानही त्याच बाजूला लढले. आणि शाहनवाज खान? तेही रावळपिंडीकडचेच. ते भारतात राहिले. 1952 मध्ये मेरठमधून खासदार झाले, मंत्री झाले, नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या 1956 च्या समितीचे अध्यक्ष झाले.

म्हणजे सरकारला 1948 मध्ये दिल्लीत बसून निर्णय घ्यायचा होता तेव्हा त्याच फौजेतले काही नामवंत अधिकारी समोरच्या खंदकात होते. मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'तीन-चार वर्षांपूर्वी एका ताटात जेवलेले ना रे?' मी म्हटलं, हो.

त्यावर मला आजही दुसरं काही बोलता येत नाही. एकी खोटी होती असं म्हणणारे आहेत, त्यांच्याशी माझं पटत नाही. ती खरी होती. ती ज्या देशाच्या नावानं बांधली होती तोच देश मधोमध फाटला. नकाशा फाटला की त्यावरच्या माणसांनी कुठे उभं राहायचं हे बहुतेकदा गावाचं नाव ठरवतं.

*

भोसले 1952 मध्ये उत्तर रत्नागिरीतून काँग्रेसचे खासदार झाले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. पुनर्वसन म्हणजे फाळणीचे निर्वासित. 1954 मध्ये त्यांनी एक योजना सुरू केली. तिची सुरुवात झाली दिल्लीत लाजपत नगरच्या कस्तुरबा निकेतनमध्ये, निर्वासितांच्या मुलांपासून. सकाळी कवायत, समूहगीत, स्वच्छता, रांग. नाव 'नॅशनल डिसिप्लिन स्कीम', राष्ट्रीय शिस्त योजना. पुढे ती अनेक राज्यांतल्या शाळांत गेली. भोसल्यांच्या निधनानंतर ती नॅशनल फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली.

शाळेतल्या पीटीच्या तासाला 'सावधान, विश्राम' करताना मला त्या प्रकाराचा भयंकर कंटाळा होता. शिस्त हा शब्द आजही माझा आवडता नाही, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवूनसुद्धा. पण या योजनेबद्दल वाचताना मला त्या मुलांचं वय दिसत राहिलं. आठ वर्षांचं पोर, मुलतान नाहीतर लाहोरहून आलेलं, घर गेलेलं. आणि त्यांच्यापुढे उभा असलेला माणूस अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन सैन्यांत राहिलेला. एका सैन्याला त्यानं सोडलं, दुसरं संपलं, आणि जे तिसरं सैन्य त्याच्या स्वप्नातलं होतं त्यानं त्याला घेतलं नाही. तो तक्रार करत बसला नाही, त्यानं मुलांना रांगेत उभं केलं. कवायतीशिवाय दुसरं काय येत होतं त्याला? आणि उखडलेल्या मुलांना रोज सकाळी एका ठरावीक जागी उभं राहायला मिळणं, ही काही छोटी गोष्ट नसावी.

14 मे 1963 ला ते गेले. सावंतवाडीत त्यांच्या नावाचं उद्यान आहे, मुंबईत रस्ता. आमच्याकडे अंजूरफाटा आहे. तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घालणाऱ्या किती जणांना अंजूरचे गंगाजी नाईक माहीत असतील? साष्टी-वसई पोर्तुगिजांकडून सोडवा म्हणून पेशव्यांच्या दारी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. 1737 मध्ये ठाणं, 1739 मध्ये वसई. पाठ्यपुस्तकात मोहीम चिमाजी अप्पांची. ते बरोबरच आहे, फौज त्यांची होती. पण ती यावी म्हणून ज्यानं उंबरे झिजवले तो एका ओळीत संपतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेचंही तसंच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रजांचा पगार लुटणाऱ्यांना 'कॅप्टन', 'फील्ड मार्शल' अशा पदव्या होत्या. स्वातंत्र्यानंतर त्या पदव्या गावापुरत्या उरल्या.

तरी भोसले, शाहनवाज, सहगल ही वरची माणसं. त्यांना काही ना काही मिळालं, संसद, मंत्रिपद, निदान रस्त्याची पाटी. माझा राग आता वेगळ्या जागी जाऊन बसला आहे. अधिकाऱ्यांना सेनेत परत घेतलं नाही, ते मी समजू शकतो. थोरातांचं आणि बांगलादेशाचं वाचल्यावर तर जास्तच. पण शिपायाचं काय? ज्याला सेवाज्येष्ठता नको होती, जनरल व्हायचं नव्हतं, ज्याच्या मागे फक्त गाव आणि लष्करी पेन्शनची आशा होती? त्याची पहिल्या फौजेतली नोकरी धरली गेली नाही, दुसऱ्या फौजेला तिजोरीच नव्हती. डाग पुसला, एवढंच.

स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची केंद्राची योजना आली 1972 मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी. आझाद हिंदच्या माणसांना त्यात धरलं होतं. महिना 200 रुपये. आणि अट अशी की वार्षिक उत्पन्न 5000 रुपयांच्या वर नको. ही उत्पन्नाची अट 1980 मध्ये निघाली. फॅरर पार्कवर बावीस वर्षांचा असलेला शिपाई 1972 मध्ये बावन्नचा होता, 1980 मध्ये साठीचा. मधली तीस वर्षं त्यानं काय केलं असेल? शेतात राबला असेल, कुठे वॉचमन झाला असेल. आमच्या गोडाऊनच्या गेटवर निवृत्त फौजी उभे असतात, त्यांच्या खिशात निदान डिस्चार्ज बुक असतं. याच्याकडे काय असणार? त्याला तहसील कचेरीत जाऊन सांगायचं होतं की मी कैदेत होतो, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, आणि त्याचा कागद दाखवायचा होता. ज्या फौजेची कागदपत्रं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून माघार घेताना जाळायची असतात, त्या फौजेतला तो शिपाई होता.